गोष्ट घडते कुठे, ते तरी कळू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवार पुरवणीतली कथा मी कधीच चुकवत नाही, म्हणूनच लिहावंसं वाटलं. हल्ली बऱ्याच कथा नेमक्या कुठे घडतात तेच कळत नाही. शहरातला एक फ्लॅट, ऑफिसजवळचं कॅफे, बाहेर पाऊस, झालं. तो फ्लॅट पुण्यात असला काय नि नागपुरात असला काय, कथेतल्या बाईला काही फरकच पडत नाही आणि मग ती बाईसुद्धा खरी वाटत नाही, निदान मला तरी.

साधं नवरा-बायकोचं भांडण घ्या. मी लहानपणी ठाण्यातल्या नौपाड्यात चाळीत राहिलेय, सगळ्यांची गॅलरी एकच, मधल्या भिंती पातळ, त्यामुळे बायका भांडायच्या त्या भांडी आपटून, आवाज न चढवता, आणि कुणाच्या दाराबाहेर अनोळखी चप्पल दिसली की पाच मिनिटांत अख्ख्या मजल्याला खबर. तेच भांडण घोडबंदर रोडला तिसाव्या मजल्यावर टाका, काचा बंद, एसी चालू, शेजारच्यांचं आडनाव माहीत नाही, तिथे ती कितीही ओरडली तरी बेल वाजवायला कुणी येणार नाही. माणसं तीच, पण गोष्ट दुसरीच झाली ना?

मी रोज ठाण्याहून नवी मुंबईतल्या रबाळ्याला जाते, ट्रान्सहार्बर लाइनच्या लोकलने. ही लाइन २००४ साली सुरू झाली, पण तिच्यातून रोज जाणारं माणूस मला कथेत अजून भेटलं नाहीये. गाडी खाडीच्या पुलावर आली की आतून निर्माल्याची पिशवी हातोहात दारातल्या मुलीकडे येते आणि ती खाली सोडून देते, कुणाच्या घरची पूजा ते तिला माहीत पण नसतं. चूकच आहे ते, खाडीची वाट लागते, पण कथा लिहिणाऱ्याने हे बघायला हवं. एक दिवस त्या मुलीने पिशवी टाकायला नाही म्हटलं तर डब्यात काय होईल? ही गोष्ट त्या पुलाशिवाय सुचणारच नाही. आणि इथे एका कथेत मी ठाण्याच्या खाडीला निळ्याशार लाटा वाचल्या! ओहोटीला तिथे चिखल असतो, तिवरं असतात, खिडकीतून वास आत येतो. लाटा वाचल्या आणि माझं मन त्या कथेतून उठलंच, पुढे कितीही छान लिहिलेलं असलं तरी.

वर्णनं वाढवा असं म्हणत नाहीये मी, पानभर चांदणं कुणाला वाचायचंय. एखादा शब्दही पुरतो. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये आली, आजूबाजूला सेक्टर झाले आणि आगरी-कोळ्यांची गावठाणं मध्ये राहिली. आता घणसोलीतल्या एखाद्या घरात जेवताना कुणी नुसतं 'साडेबारा टक्के' म्हटलं तरी आमच्याकडच्या वाचकाला कळतं दोन भावांत काय शिजतंय ते. शहरासाठी जमीन गेली, बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डिंग उभी राहिली, मग वाटण्या आल्या, बहिणींच्या सह्या आल्या. हे सगळं त्या दोन शब्दांत आहे, फक्त लेखकाने ते घर घणसोलीत आहे एवढं सांगायला हवं.

आता तुम्ही दिवाळी अंकासाठी कथा मागवाल, तेव्हा निवडताना एवढं जरूर बघा, आणि ठिकाणाचं नाव असेल तर तिथे राहणाऱ्या कुणाला तरी एकदा वाचायला द्या, चुका लगेच सापडतील. दिवा, मुंब्रा, कळव्यातून लिहिणारी मुलं तुमच्याकडे कथा पाठवत असतील. त्यांना कृपया कळवा की आपल्या स्टेशनचं नाव गाळू नका, आहे तसं ठेवा.

आपली नियमित वाचक,
ठाणे पश्चिम