अपलोडचं दुखणं पडवीत सापडलं

महोदय,

मी वेंगुर्ल्यात राहते, घरून बांधकामाचे नकाशे काढून देते. केबल इंटरनेटचा डाउनलोड ४० एमबीपीएस, अपलोड मात्र अर्धा एमबीपीएससुद्धा नाही. २०० एमबीची फाइल पाठवायला तास जायचा. तक्रार केली की एकच उत्तर : "मॅडम, मोडेम बंद करून चालू करा." आठ महिने हेच.

शेवटी लॅपटॉप वायरने मोडेमला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हे मोडेमचं माहितीपान उघडलं. अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेम ज्या जोराने सिग्नल बाहेर पाठवतो तो जोर, ५४ डीबीएमव्ही (हे त्याचं एकक)! हा आकडा ५० च्या वर गेला, म्हणजे मोडेमला घसा फोडून ओरडावं लागतंय. केबलवर अपलोड खालच्या पट्ट्यात, साधारण ५ ते ६५ मेगाहर्ट्झमध्ये चालतो आणि सैल जोडणीतून शिरणारा गोंगाट नेमका तिथेच जास्त. म्हणून डाउनलोड ठणठणीत, अपलोड आडवा.

पडवीच्या वाशाला चार तोंडांचा स्प्लिटर (एका केबलचा सिग्नल वाटून देणारी डबी) होता, त्यातली दोन रिकामी. असा स्प्लिटर एकेका तोंडातून सिग्नलचा चौथा हिस्साही पुढे सोडत नाही. कनेक्टर उघडला तर आत हिरवट थर, मधली तार काळी ठिक्कर. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यात चार महिने पाऊस. दुसरं काय होणार? स्प्लिटर काढून नवा कनेक्टर बसवला. पॉवर ४६, अपलोड ५ एमबीपीएस.

केबलचालकांना कळकळीची विनंती : किनारपट्टीवर रबरी सील असलेले कनेक्टरच वापरा आणि मृगाआधी बाहेरच्या जोडण्या एकदा उघडून बघा.

– एक वाचक, वेंगुर्ले