तात्यांना कळतंय सगळं

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू आवाज बारीक करून विचारलंस, "तात्यांना आता काही कळतं का रे?" आणि मी नुसतं हो हो करून विषय बदलला, कारण तात्या समोरच खाटेवर बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. त्यांनी मान खाली घातली. ती मान काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायलाच बसलोय.

तर ऐक. स्ट्रोक मेंदूच्या डाव्या बाजूला आला, म्हणून उजवा हात गेला आणि वाचाही गेली, बहुतेक माणसांची भाषा डावीकडेच असते ना. याला अफेझिया म्हणतात. तात्यांकडे आता एकच शब्द उरलाय, "तेच". पाणी हवं तरी तेच, पंखा बंद कर तरी तेच, नातू शाळेतून आला तरी तेच. पण सूर दरवेळी वेगळा लागतो बघ, आई ओट्याशी पाठमोरी असली तरी तिला बरोबर कळतं की हे तेच चहाचं आहे की रागाचं. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, आवाजातला चढउतार आणि त्यातली भावना बरीचशी उजवा मेंदू सांभाळतो, आणि तात्यांचा तो शाबूत आहे. हे ऐकून मी जिन्यात बसून रडलो, खरंच सांगतो.

मग मी याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. पॅरिसजवळ बिसेत्र नावाच्या हॉस्पिटलात लबोर्न्य म्हणून एक पेशंट होता, आधी चांभारांना लागणारे लाकडी साचे करायचा. काहीही विचारा, तो "तान तान" एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला तानच म्हणायला लागले. १८६१ च्या एप्रिलमधे पॉल ब्रोका या सर्जनने त्याला तपासलं आणि विचारलं, इथे किती वर्षं झाली? त्याने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. २१ वर्षं, अगदी बरोबर! दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा आपली परीक्षा घेतोय, तर तो असा भडकला की तोंडातून चक्क शिवी बाहेर पडली. काही दिवसांत तो वारला, ब्रोकाने मेंदू पाहिला, डावीकडे पुढच्या भागात इजा होती, त्या भागाला आजही ब्रोकाचंच नाव आहे. तो मेंदू पॅरिसमधे जपून ठेवलाय, आणि २००७ मधे त्याच्या एमआरआयचे निष्कर्ष छापून आले तर इजा आत खूप खोलवर पोचलेली निघाली, म्हणजे एका ठिकाणाचा प्रश्न नाही, खालची सगळी वायरिंगच तुटलेली. पण मला त्या कथेत मेंदूपेक्षा तो राग जास्त भिडला. बोलता न येणाऱ्या माणसाला आपली परीक्षा घेतात हे कळत होतं, आणि ते लागत होतं.

आता आपल्या तात्यांचं सांगतो. तीस वर्षं कंडक्टर होते, तुला तर माहितीच आहे, आपण त्यांच्याच गाडीने साताऱ्याला जायचो. थेरपिस्टनी सांगितलं की पाढे, आकडे, आरत्या असलं तोंडपाठ झालेलं बोलणं बऱ्याचदा शाबूत राहतं, तर मी एकदा सहज म्हटलं, "कराड..." आणि तात्या थांबलेच नाहीत रे, "उंब्रज, अतीत, नागठाणे, सातारा!" स्वच्छ, खणखणीत. पण नुसतं "उंब्रज म्हणा" म्हटलं की ओठ हलतात आणि शेवटी येतं तेच.

आणि हिशोब? दूधवाल्याचे ३४० झाले, मी पाचशे दिले, त्याने दीडशे परत दिले. तात्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडेनात, शेवटी दहाची नोट दाखवली तेव्हा मला कळलं. इंग्लंडमधे रोझमेरी व्हार्ली या संशोधक बाईंनी २००५ मधे असेच तीन पेशंट तपासले होते, "माणसाने सिंह मारला" की "सिंहाने माणूस मारला" यातला फरक त्यांना लागत नव्हता, पण कशातून काय वजा करायचं ते बरोबर समजायचं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एव्हेलिना फेडोरेंको यांनी धडधाकट माणसांचे स्कॅन काढून दाखवलंय की गणितं सोडवताना मेंदूतला भाषेचा भाग जवळजवळ गप्पच असतो. म्हणजे विचार आणि शब्द यांची घरं वेगवेगळी आहेत, संज्या. तात्यांचा शब्द गेलाय, तात्या गेले नाहीत.

पण भेटायला येणारे लोक असे वागतात ना! कुणी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडतात, कुणी लहान बाळासारखं "जेवला का माझा राजा", तर कुणी त्यांच्यादेखत आईला विचारतात, किती दिवस असंच राहणार? तात्यांचा कानाच्या मागचा भाग लालबुंद होतो तेव्हा. मला त्या माणसांचा राग येतो, आणि वाईट याचं वाटतं की चार महिन्यांपूर्वी मीपण तसंच करत होतो.

तू दिवाळीत येतोयस तर मुक्कामालाच ये. आधी टीव्ही बंद कर, समोर बस, नेहमीच्या आवाजात एका वेळी एकच गोष्ट बोल, लांबलचक वाक्यं त्यांना जड जातात. चहा की कॉफी विचारायचं तर दोन्ही डबे समोर धर. आणि ते अडकले तर शब्द पुरवायची घाई करू नकोस, थांब, फार वेळ लागतो पण थांब. पुण्याहून कोणत्या गाडीने आलास, कुठे किती वेळ थांबली, तिकीट किती पडलं, ते सगळं सांग त्यांना. तिकीट जपून आण, त्यांना हातात घेऊन बघायला आवडेल.

तुझा,
बाळ्या