तो आवाज माझा नव्हता, बाबा

पुणे, २ मे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दवाखान्यातलं काहीच आठवत नाही गं, पण तू रोज मला वार सांगायचीस, तेवढं आठवतं." मला एकदम भरून आलं, म्हणून मी विषय बदलला. बाबा, तो आवाज माझा नव्हता. मला आत सोडायचे सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. वार सांगायच्या त्या आपल्या भंडाऱ्याकडच्या सिस्टर.

मी एकदा पडद्याबाहेर उभी राहून ऐकलं. "काका, आज मंगळवार. सकाळचे अकरा वाजले. तुम्ही नागपुरात आहात, धंतोलीत, दवाखान्यात. निमोनियासाठी नळी टाकली आहे, म्हणून बोलता येत नाही. आता तुम्हाला कुशीवर वळवतो आम्ही." तुम्ही तेव्हा झोपेच्या औषधाखाली होता. मी विचारलं, यांना कळतं का? तर म्हणाल्या, "ऐकू येते असं धरूनच बोलायचं जी."

आणि खरंच ऐकू यावं म्हणून त्यांनी काय केलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. चौथ्या दिवशी झोपेचं औषध कमी केलं तसे तुम्ही नळी ओढायला लागलात. हात पट्ट्यांनी बांधावे लागले. ते बांधलेले हात पाहून आई तिथेच भिंतीला टेकली. व्हेंटिलेटरवर असलेल्या वयस्कर माणसाला असा भ्रम होतो, डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. सिस्टर ड्युटीवर आल्या आणि आईला त्यांनी पहिलं विचारलं, "काकांना चष्मा आहे? कानाला मशीन लावतात का?" चार दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं, आम्हालाही सुचलं नव्हतं. कॅज्युअल्टीत उतरवून दिलेलं मशीन आणि चष्मा, अंगठीसकट, आईच्या पर्समध्ये रुमालात बांधलेले होते! दिसत नाही, ऐकू येत नाही, घशात नळी. बाबा, तुम्ही घाबरणार नाही तर काय?

त्यांनी मशीन लावलं, चष्मा चढवला, एक हात सोडला आणि तो स्वतःच्या हातात धरून बसल्या. "असं नका करू जी, मी आहो न इथंच." मग कागद-पेन दिलं. तुम्ही वाकडंतिकडं लिहिलंत, "हिने खाल्लं का". तो कागद माझ्याजवळ आहे. आई, तुला वायरींची भीती वाटायची, तू हातभर लांब उभी राहायचीस. त्या दिवशी त्यांनीच तुला पुढे आणून बाबांच्या कपाळावर तुझा हात ठेवला ना?

नळी निघाल्यावर दुसऱ्या रात्रीची गोष्ट मला डॉक्टरांकडून कळली. स्क्रीनवर ऑक्सिजन ९५ होता, म्हणजे वरवर सगळं ठीक. पण सिस्टर तुमच्या छातीकडे बघत घड्याळ लावून श्वास मोजत होत्या. मिनिटाला १८ चे ३० झाले होते. ऑक्सिजन उतरायची वाट न बघता त्यांनी पहाटे तीनला डॉक्टरांना उठवलं. अडकलेला कफ काढला, वाफ दिली, बसतं केलं. थोडा उशीर झाला असता तर पुन्हा नळी टाकावी लागली असती, असं डॉक्टर म्हणाले.

आणि पाठ! अकरा दिवस पडून राहूनही तुमच्या पाठीवर एक जखम नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. सगळ्याच पाळ्यांच्या सिस्टर आणि वॉर्डातल्या मावश्या-मामांचे ते कष्ट आहेत, त्यांचंही नाव घेतलं पाहिजे.

बाबा, तुम्ही दिलेलं पाकीट त्यांनी परत केलं, याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांना पैसे नको होते. १२ मेला परिचारिका दिन आहे, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. केंद्र सरकार १९७३ पासून त्यांच्या नावाने परिचारिकांना पुरस्कार देतं. ते आपल्या हातातलं नाही. पण मेट्रनच्या नावे पत्र लिहिणं आपल्या हातात आहे. कानातल्या मशीनची गोष्ट, तीन वाजताचा तो फोन, सगळं तारखांसह मी लिहिलं आहे आणि पत्राची प्रत त्यांच्या सेवेच्या फाइलला लावावी अशी विनंती केली आहे. सोबत दोन प्रती पाठवते आहे.

पहिली सही बाबांची हवी, थरथरली तरी चालेल. आई, कपाळावरच्या हाताबद्दल दोन ओळी खाली तुझ्या अक्षरात लिही, ते मला लिहिता येणार नाही. मेट्रन दहा ते एक भेटतात. ऊन चढायच्या आत निघा, डोक्याला दुपट्टा बांधा, लिफ्टनेच जा. दुसरी प्रत सिस्टरांच्या हातात द्या.

बाबा, निघण्याआधी मशीनची बॅटरी बदला. त्या काय म्हणतात ते तुम्हाला नीट ऐकू आलं पाहिजे.

तुमची,
ताई