चरबीला शिव्या देण्याआधी

महोदय,

वजन कमी करण्याबद्दल रोज काही ना काही छापून येते आणि त्यात चरबी म्हणजे अंगात शिरलेला चोरच ठरतो. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाणारी माझी आई सांगायची, "हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा कळलं अंगातलं किती गेलं ते." कामावर मिळणारी सुकडी ती अर्धी पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची. तिला तगवले ते अंगावरच्या थोड्याफार चरबीनेच.

अन्न तुटले की यकृतातली साखर दिवसभरात संपते, मग शरीर चरबीवर जगते. एक ग्रॅम चरबीत 9 कॅलरी असतात, पिष्टात जेमतेम 4. चरबी सरत आली की स्नायू झपाट्याने झिजतात. हृदयही त्यात आलेच. बायकांच्या अंगात चरबी जास्त असते. दुष्काळात त्या पुरुषांपेक्षा अधिक तगतात, त्याचे हे एक कारण मानले जाते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या सहा गावांत गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचे वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे 3.5. स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी मात्र बरीचशी राखलेली! पुढे हीच ठेवण मधुमेहाकडे नेऊ शकते. अशा माणसाला 'आळशी, खादाड' म्हणणे मला फार लागते. वजनावरच्या लेखांत गरोदर बाईच्या ताटाबद्दलही लिहावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सासवड