सातारा बसस्थानकावरील अनोळखी मदतनीसांचे आभार

सातारा बसस्थानकावर माझ्या आईला अचानक दरदरून घाम फुटला, जबडा आणि पाठीचा वरचा भाग दुखू लागला व मळमळ सुरू झाली, तेव्हा हे पित्त नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो, असे ठामपणे सांगणाऱ्या सहप्रवासी ताईंचे आम्ही सर्व कुटुंबीय मनापासून आभार मानतो. त्यांनी आईला चालू दिले नाही, टेकून बसवले आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली. गर्दी बाजूला सारणारे वाहक आणि आम्ही पोहोचेपर्यंत आईचा हात न सोडणारी ती महाविद्यालयीन मुलगी, यांचेही ऋण मोठे आहे.

झटका आलेल्या स्त्रियांमध्येही छातीत दुखणे किंवा दडपण येणे हेच सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. परंतु धाप, मळमळ, विलक्षण थकवा, मान, जबडा वा पाठीतील वेदना ही लक्षणे पुरुषांपेक्षा त्यांच्यात अधिक दिसतात, आणि आईसारख्या मधुमेही रुग्णाला तर छातीतील वेदना जाणवेलच असे नाही. आपल्या घरांत बाईचे दुखणे ‘दगदग झाली असेल’ म्हणून फार सहज बाजूला सारले जाते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

रुग्णालयात पोहोचताच ईसीजी काढण्याचा आग्रह धरणाऱ्या परिचारिकेचेही आभार. रक्तवाहिनीतील अडथळा वेळेत दूर झाल्याने हृदयाच्या स्नायूची मोठी हानी टळली. आईची प्रकृती आता सुधारत असून आपणा सर्वांना भेटण्याची तिची फार इच्छा आहे.