आधी फॉलोअर्स, मग विषय?

महोदय,

आमच्या व्याख्यानमालेसाठी यंदा वक्ता निवडताना कार्यकर्त्यांनी आधी फॉलोअर्स मोजले, विषय नंतर विचारला! 1955च्या सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या तरुण कवींनी ‘शब्द’ हे छोटे नियतकालिक सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून, चालवले. वाचक मूठभर; पण मराठीतल्या लघुनियतकालिकांची चळवळ तिथून धरतात. ‘सत्यकथा’ हे साहित्यिक मासिक 1982मध्ये बंद पडले, तरी त्याचे अंक जपून ठेवणारे आजही भेटतात. भाचीची रील लाखभर लोकांनी पाहिली म्हणे. कोणी पाहिली, ते तिलाही ठाऊक नाही. मी वाचनालयाची भित्तिपत्रिका लिहिते. शेवग्यावर लिहिले, तर पोस्टमनने बिया मागितल्या आणि एक आजी गुडघे धरत जिना चढून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवायला आल्या. बरोबर होत्या त्या.

— एक निवृत्त शिक्षिका, मिरज