बिबट्या एआयचा नाही, आमच्या उसातला आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एआयच्या खोट्या चित्रफितींवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. गावाकडची माणसं मोबाइलवर दिसेल ते खरं मानतात, असं त्यात पुन्हा लिहिलंय. आमचा अनुभव उलटा आहे. आमचं खरंसुद्धा कोणी खरं मानत नाही.

आम्ही शिरूरच्या बेट भागातले. गेल्या हिवाळ्यात चुलतभावाच्या गोठ्यातून बिबट्याने कालवड ओढून नेली. कॅमेऱ्यात सगळं आलं, पुतण्याने ते टाकलं. एका बातम्यांच्या संकेतस्थळाने ते उचललं, गावाचं नाव गाळलं आणि वर एआयने काढलेला जबडा वासलेला बिबट्या लावला. मग खाली सुरू झालं : ‘एआय आहे’, ‘शेपटी नीट बघा’, ‘भरपाईसाठी बनवलंय’. हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता खच. वहिनीने ते सगळं वाचलं. ती अजून अंधार पडल्यावर एकटी गोठ्यात जात नाही. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, की लोकांना हे खोटं वाटतं?

आमच्याच तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यात दोन मुलं होती. त्याच सुमारास पुण्यात अमुक सोसायटीत बिबट्या दिसल्याची बनावट चित्रं फिरली, वनखात्याला खुलासे करावे लागले. शहरातली माणसं फसली, चिडली, हे मला कळतं. पण तो राग खोटं बनवणाऱ्यांवर न निघता आमच्यावर निघतो.

एआयच्या चित्रफितींवर तशी ठळक खूण हवी, असा नियम केंद्राने फेब्रुवारी २०२६मध्ये आणला. चांगलं झालं. पण खऱ्या बातमीवर शोभेला एआयचं चित्र लावायचंच कशाला? गाव, तारीख, कोणी टिपलं, एवढं छापा. तुमच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा, ही कळकळीची विनंती.

आणि बिबट्याचा विषय निघालाच आहे तर शेतीच्या विजेबद्दलही लिहा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, सगळीकडे ऊस आहे आणि त्या उसातच बिबट्याची मादी वितेय. तरी पंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते आणि हातात बॅटरी घेऊन त्याच उसात पाण्याचं बारं द्यायला उतरावं लागतं. दिवसा वीज द्या, असं आम्ही किती वर्षं म्हणतोय. कालच्या लेखकांना माझं आमंत्रण आहे : रात्रीच्या पाळीला एकदा आमच्याबरोबर मोटर चालू करायला या.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. शिरूर, जि. पुणे